मिकी कोरिया आणि रात्रीचा कारभार

१

मुंबईच्या अपोलो बंदरावरील ताजमहाल हॉटेलाच्या नृत्यगृहात १९३९ सालापासून पुढे सुमारे दोन दशके जो वाद्यवृंद रात्रीमागून रात्री वाजत राहिला, त्याचा नायक मिकी कोरिया हा गोमंतकीय कुळातला, आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जन्मलेला आणि कराचीत वाढलेला सॅक्सोफोनवादक होता, ही गोष्ट आज जुन्नर किंवा मंचरच्या पेठेत फारशी कोणास ठाऊक असणार नाही. तरीही ह्या गृहस्थाच्या आयुष्यक्रमाचे मर्म ओळखण्यास नारायणगावच्या वाचकाइतका अधिकारी वाचक महाराष्ट्रात दुसरा मिळणे कठीण, असे माझे प्रांजळ मत आहे. कलावंतांचा समूह बांधावा, त्यांच्या अन्नवस्त्राची तजवीज करावी, त्यांच्यातील रुसवेफुगवे रात्रीच्या खेळापूर्वी मिटवावेत, समोरच्या गर्दीची नाडी ओळखून गाण्यांचा क्रम आयत्या वेळी बदलावा, आणि हे सारे एक-दोन हंगाम नव्हे तर हयातभर करीत राहावे, ही विद्या ज्या गावात पिढ्यान्‌पिढ्या नांदली आहे ते गाव म्हणजे तमाशाची पंढरी म्हणून ओळखले जाणारे नारायणगाव होय.

कलावंताची योग्यता ठरविताना आपण त्याच्या ध्वनिमुद्रिका किती, त्या कोणत्या कंपनीच्या आणि त्यांतील कोणती गाजली, ह्याचाच हिशेब प्रथम मांडतो. एकट्या गायकाच्या किंवा वादकाच्या बाबतीत तो हिशेब बऱ्याच अंशी न्याय्यही ठरतो. परंतु ज्याचे कर्तृत्व मुख्यत्वेकरून समूहाला उभे ठेवण्यात आहे, त्याच्या आयुष्याचा फार मोठा भाग तबकडीच्या खाचांत मावत नाही, आणि म्हणून इतिहासाच्या दफ्तरातही तो दाखल होत नाही. मिकी कोरियांच्या निमित्ताने मला हेच सांगावयाचे आहे, आणि त्यासाठी ताजच्या लाकडी नृत्यभूमीबरोबरच जुन्नर तालुक्यातील कनातीकडेही वळणे भाग आहे.

२

कोरिया ह्यांचा जन्म १९१३ साली मोंबासा येथे झाला. गोव्यात पोर्तुगीज अंमल, जमीन थोडकी आणि चाकरीची साधने त्याहूनही थोडकी, अशा परिस्थितीत गोमंतकीय ख्रिस्ती कुटुंबांतील पुरुष एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून ब्रिटिश अंमलाखालील बंदरांची वाट धरीत होते. मोंबासा, कराची, मुंबई, रंगून ही त्यांची मुक्कामाची ठिकाणे झाली. कारकुनी, स्वयंपाक, शिवणकाम आणि जहाजावरील चाकरी ह्यांच्या जोडीने एक विद्या ही मंडळी आपल्याबरोबर सर्वत्र घेऊन गेली, ती म्हणजे पाश्चात्त्य संगीताची लिपी वाचण्याची. गोव्यातील चर्चच्या आश्रयाने चालणाऱ्या गावोगावच्या शाळांत मुलांना बाराखडीबरोबरच स्वरलेखन शिकविण्याची वहिवाट होती. रविवारच्या उपासनेस गायक आणि व्हायोलिनवादक हवेत एवढाच तिचा मूळ हेतू. पण त्यातून कागदावरील स्वर पाहताक्षणी वाजवू शकणाऱ्या वादकांची एक संबंध जमात तयार झाली. पलटणींचे बँड, मूक चित्रपटांच्या पडद्यापुढील वादन, संस्थानिकांचे दरबार आणि मोठाली हॉटेले ह्या साऱ्यांना पुढे तिनेच माणसे पुरविली.

कराचीत वाढलेल्या मिकींना हा वारसा घरातूनच लाभला. कोरिया कुटुंबाचा तेथे स्वतःचा बँड होता, आणि म्हणून वादन व व्यवहार ह्या दोहोंचे धडे त्यांनी एकाच वेळी गिरविले. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात ते मुंबईस आले. त्या काळी गोव्याहून आलेले वादक धोबीतलाव भागातील ‘कुड’ नावाच्या सामाईक बिऱ्हाडांत उतरत. आपापल्या गावाच्या नावाने चालणाऱ्या ह्या कुडांत एका खोलीत अनेकांच्या वळकट्या, भिंतीशी एखादी मूर्ती, आणि पेटाऱ्यांच्या रांगेत जपून ठेवलेली वाद्ये असत. त्याच सुमारास जुन्नर, आंबेगाव, खेड आणि मावळ ह्या तालुक्यांतून पोटासाठी मुंबईस गेलेली माणसेही गाववार खोल्या करून राहत होती. त्यांतील कित्येकांनी डबेवाल्याची सचोटीची चाकरी पत्करून हापिसांतील लोकांच्या जेवणाचा भार वाहिला. दोन्ही समाजांची भाषा, देव आणि पेहराव भिन्न असले तरी गावच्या नावावर उभा राहिलेला परस्परांचा आधार दोघांच्याही आयुष्यात एकाच जातीचा होता.

३

ज्या संगीताने कोरियांना नाव दिले ते ‘स्विंग’ नावाने ओळखले जाते. अमेरिकेतील कृष्णवर्णीय वादकांनी घडविलेल्या जाझ संगीताची ही नृत्योपयोगी, मोठ्या वाद्यमेळाची शाखा १९३५ च्या सुमारास लोकप्रियतेच्या शिखराकडे निघाली आणि दुसरे महायुद्ध संपेपर्यंत तिने पाश्चात्त्य जगातील तरुणांना अक्षरशः भारून टाकले. ह्या वाद्यमेळाचे तीन भाग असत. ट्रम्पेट व ट्रॉम्बोन ह्या पितळी वाद्यांचा एक, चार किंवा पाच सॅक्सोफोनांचा दुसरा, आणि पियानो, गिटार, उभा बास व ड्रम ह्यांचा लय सांभाळणारा तिसरा. चार मात्रांचे चालते आवर्तन बासच्या तारांवर अखंड वाहत असते. त्या मात्रेचे दोन तुकडे समान न पाडता पहिला किंचित लांब आणि दुसरा किंचित आखूड ठेवल्याने जी झोके घेणारी गती निर्माण होते तीच स्विंगची खरी ओळख. पितळी वाद्यांनी एक छोटी स्वरपंक्ती फेकावी, सॅक्सोफोनांनी तिला उत्तर द्यावे, आणि ह्या जबाबसवालाच्या पार्श्वभूमीवर एखाद्या वादकाने उभे राहून उत्स्फूर्त वादन करावे, असा त्याचा घाट असे. लावणीच्या ओळीपाठोपाठ मागचे सुरते जी झील धरतात, आणि ढोलकीचा गडी मात्रेच्या अलीकडे-पलीकडे थाप टाकून नाचणारीच्या पायाला जे आव्हान देतो, ते ज्याने ऐकले आहे त्याला ह्या रचनेचे रहस्य समजण्यास गुरूची गरज नाही.

सॅक्सोफोन हे वाद्य अॅडॉल्फ सॅक्स नावाच्या बेल्जियन कारागिराने निर्माण केले आणि १८४६ साली पॅरिसमध्ये त्याचा हक्क नोंदविला. त्याचे अंग पितळेचे असले तरी स्वर उत्पन्न होतो तो वेताच्या पातळ जिभेच्या कंपनाने, त्यामुळे त्याची गणना लाकडी सुषिर वाद्यांत होते. पितळेचा जोर आणि सनईशी नाते सांगणारी मानवी आर्तता अशा दोन्ही गुणांचा संयोग त्यात झाला, आणि म्हणूनच लष्करी बँडसाठी जन्मलेले हे वाद्य प्रणयगीताचेही वाहन बनले. कोलमन हॉकिन्स, लेस्टर यंग, बेनी कार्टर ह्या अमेरिकन वादकांनी त्याला स्वतंत्र भाषा दिली. त्यांपैकी कार्टर हा वादक, रचनाकार आणि वृंदनायक अशा तिन्ही नात्यांनी श्रेष्ठ मानला गेला.

मुंबईस ही विद्या पोचली ती थेट मूळ प्रवाहातून, आणि ह्या गोष्टीचे महत्त्व कितीही सांगितले तरी थोडेच. १९३५ च्या हिवाळ्यात व्हायोलिनवादक लिऑन अॅबी आपला कृष्णवर्णीय अमेरिकन वादकांचा ताफा घेऊन ताजमध्ये आला. पुढील वर्षी ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ आला. शिकागो आणि शांघाय गाजवून आलेला पियानोवादक टेडी वेदरफर्ड ह्याने मुंबईतील वास्तव्यानंतर कलकत्त्यास बस्तान बसविले आणि तेथेच पटकीच्या साथीत २५ एप्रिल १९४५ रोजी देह ठेवला. स्वदेशी ज्या हॉटेलांच्या पुढील दाराने आत जाण्याची त्यांना मुभा नव्हती, तशा दर्जाच्या हॉटेलात येथे त्यांचे नाव फलकावर झळकत होते. आणि परकीय राज्यात दुय्यमपण सोसणाऱ्या गोमंतकीय तरुणांना ह्या गुरूंच्या वादनात वर्णश्रेष्ठतेच्या कल्पनेला मिळालेले उत्तरही ऐकू आले असले पाहिजे. हे तरुण कागदावरील स्वर बिनचूक वाजवीत. परंतु कागदावर नसलेले काय वाजवावयाचे हे त्यांना ह्या अतिथींनी शिकविले. ट्रम्पेटवादक फ्रँक फर्नांड आणि चिक चॉकलेट, पारशी सॅक्सोफोनवादक रूडी कॉटन ही मंडळी ह्या संस्काराची फळे होत. त्याच वातावरणात मिकी कोरियांनी आपला वृंद बांधला.

४

१९३९ साली ताजचा वृंद त्यांच्या हाती आला तेव्हा युरोपात युद्ध पेटले होते. पाहता पाहता मुंबई बंदर सैनिकांनी आणि जहाजांनी भरून गेले, आणि रणांगणाच्या वाटेवर थांबलेल्या माणसांसाठी नाचाची एक रात्र ही शेवटचीही ठरू शकत असे. अशा श्रोत्यांपुढे वाजविण्यात करमणुकीइतकीच सेवाही होती. वृंदनायकाचे काम सायंकाळी सुरू होते असे पाहणाऱ्यास वाटते. वस्तुतः ते सकाळीच सुरू होते. परदेशाहून आलेल्या नव्या गाण्यांचे कागद मिळवावयाचे, ते मिळाले नाहीत तर तबकडी पुनःपुन्हा ऐकून प्रत्येक वाद्याचा भाग उतरवावयाचा, आपल्या ताफ्यात जितकी वाद्ये आहेत तितक्यांत ती रचना बसवावयाची, तालमीत चुकणाऱ्याला इतरांसमोर हिणवू नये पण चूक तशीच राहूही देऊ नये, हॉटेलच्या व्यवस्थापकाशी पगाराचा करार करावयाचा, आजारी पडलेल्याच्या जागी बदली माणूस उभा करावयाचा. आणि एवढे झाल्यावर रात्री प्रसन्न मुद्रेने उभे राहून नृत्यभूमीवरील पावलांकडे पाहत पुढचे गाणे संथ घ्यावे की जलद ह्याचा क्षणार्धात निर्णय करावयाचा. नाचणाऱ्यांची एक जरी जोडी बसण्यासाठी वळली, तरी मुरलेल्या नायकाला ती अचूक दिसते.

हेच काम नारायणगावात वेगळ्या शब्दांत चालते. गुढीपाडव्याच्या सुमारास पुणे-नाशिक रस्त्यालगत फडांच्या राहुट्या उभ्या राहतात, गावोगावच्या यात्रा कमिटीची मंडळी फेटे-टोप्या सावरीत आत येऊन बसतात, तारीख ठरते, सुपारी फुटते, इसार घेतला जातो आणि करार कागदावर येतो. चैत्र-वैशाखातील जत्रांत दिवसा घाटात बैलगाड्या आणि रात्री तमाशा, हा जुन्नर-आंबेगावच्या देवस्थानांचा ठरलेला क्रम. दसऱ्याला घराबाहेर पडलेला फड ह्या मुलखात पोचतो तेव्हा त्याच्या नायकाने सहा-सात महिने शंभराच्या घरातील माणसे, तंबू, कनाती, वाहने आणि भटारखाना सांभाळलेला असतो. हंगामापूर्वी कलावंतांना दिलेली उचल हा त्याच्यावरील कर्जाचा डोंगर. पाऊस लवकर आला किंवा गावात दुखवटा पडला तर तो बोजा त्याच्या एकट्याच्या माथी.

भाऊ-बापू मांग नारायणगावकर ह्यांचा फड ह्या परंपरेतील अग्रगण्य. त्याच घराण्यात १९३५ साली, म्हणजे लिऑन अॅबी मुंबईच्या धक्क्यावर उतरला त्याच वर्षी, पंढरपूर येथे विठाबाईंचा जन्म झाला. वडील भाऊ आणि चुलते बापू ह्यांच्या कनातीत वाढलेल्या ह्या मुलीने गळा, पाय आणि अभिनय ह्या तिन्हींवर असामान्य प्रभुत्व मिळविले, आणि पुढे स्वतःच्या नावाने फड उभा करून नायकत्वही पत्करले. दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर उभ्या राहिल्या, कळा येताच कनातीमागे जाऊन प्रसूत झाल्या, आणि नाळ दगडाने तोडून पुन्हा प्रेक्षकांपुढे येण्यास निघाल्या, ही हकिगत महाराष्ट्रभर सांगितली जाते. ती सांगताना बहुतेकजण त्यांच्या धैर्याचे गुणगान करतात, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या प्रसंगात मला फडाच्या नायिकेची जबाबदारी अधिक स्पष्ट दिसते. खेळ मोडला तर तिकिटाचे पैसे परत जाणार, आणि पैसे गेले तर बरोबरच्या माणसांच्या मुखी घास पडणार नाही, हे गणित त्या देहाला वेदनेच्या क्षणीही सोडून गेले नव्हते.

ताजमधील वृंदाला असल्या दारिद्र्याचा सामना करावा लागला नाही, हे खरे. तिथे पगार नियमित होता आणि छप्पर पक्के होते. परंतु राज्यकर्त्यांच्या नीतिकल्पनांचा फटका दोन्ही ठिकाणी जवळजवळ एकाच वेळी बसला. १४ ऑगस्ट १९४७ च्या मध्यरात्री ताजमधील स्वातंत्र्यसोहळ्यात मिकी कोरिया आणि चिक चॉकलेट ह्या दोघांचे वृंद वाजले. त्यानंतर थोड्याच काळात मुंबई सरकारने तमाशावर निर्बंध घातले, चौकशी समिती नेमली, आणि वगांच्या संहिता तपासूनच प्रयोगाला परवानगी देण्याची पद्धत आली. तर १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने हॉटेलांच्या नृत्यगृहांतील गर्दी ओसरविली आणि अनेक वृंदांचे करार संपुष्टात आले. अशा काळात कोरियांचा वृंद ताजमध्ये आणखी दशकभर टिकला, ह्यात त्यांच्या वादनाइतकाच त्यांच्या कारभाराचा विजय होता. सरकारची मर्जी, मालकाची मर्जी आणि श्रोत्याची मर्जी ह्या तीन दगडांची चूल सांभाळणे त्यांना साधले होते.

५

आता ध्वनिमुद्रिकांविषयी. भारतात ग्रामोफोन कंपनीचे पहिले मुद्रण १९०२ साली कलकत्त्यास झाले. त्यात गौहर जान हिने गायनाच्या अखेरीस आपले नाव स्वतः उच्चारले, कारण तबकड्या जर्मनीतील हॅनोव्हर येथे तयार व्हावयाच्या होत्या आणि तेथील कारागिरांना गाणारी कोण हे कळावे एवढाच त्यामागील व्यावहारिक हेतू होता. १९०८ मध्ये कलकत्त्यासच सियालदह येथे कारखाना निघाला, पुढे तो डमडमला गेला, आणि स्विंगच्या काळातील येथील मुद्रणे तेथूनच बाजारात आली. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन मिनिटांचे संगीत मावे. ती ज्या लाखेपासून बने ती मुख्यतः भारतातूनच जगभर जात असे. महायुद्धाने तिचा पुरवठा अडविताच अमेरिकेत तबकड्यांच्या उत्पादनात मोठी कपात झाली. त्यातच १ ऑगस्ट १९४२ पासून तेथील वादकसंघाने मुद्रणावर बहिष्कार पुकारला, कारण वाजत्या तबकड्यांनी जिवंत वादकांचा रोजगार हिरावला जात होता. प्रमुख कंपन्यांशी त्याचा तंटा मिटण्यास १९४४ चा नोव्हेंबर उजाडला. परिणामी स्विंगच्या ऐन बहरातील दोन वर्षे अमेरिकेसारख्या देशातसुद्धा तबकडीवर अत्यल्प प्रमाणात उतरली. जगातील सर्वांत समृद्ध मुद्रण-उद्योगाची ही कथा, तर मुंबईची काय असावी!

१९३६ मध्ये क्रिकेट स्मिथच्या वृंदाने मुंबईस केलेल्या मुद्रणांत ताजमहालाच्या नावाचे एक नृत्यगीत होते, आणि त्याची चाल मेना सिलास नावाच्या मुंबईकर बगदादी ज्यूने रचली होती. वेदरफर्डने कलकत्त्यास कोलंबिया कंपनीसाठी मुद्रणे केली, चिक चॉकलेटने आपल्या वृंदाच्या तबकड्या त्याच कंपनीकडे दिल्या. ह्या तबकड्या ऐकताना वादकांची तयारी, विशेषतः ट्रम्पेटची धार आणि लयीची पक्की बैठक, लगेच लक्षात येते. कोरियांची कीर्ती मात्र तबकड्यांनी घडविलेली नाही. ती ताजच्या नृत्यभूमीवर, प्रत्यक्ष ऐकणाऱ्यांच्या स्मरणात आणि हाताखालून गेलेल्या वादकांच्या शिस्तीत घडली.

तबकडीचे मोल कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. ज्या वर्षी कोरियांनी ताजचा कारभार स्वीकारला त्याच १९३९ च्या ११ ऑक्टोबरला कोलमन हॉकिन्सने न्यूयॉर्क येथे ‘बॉडी अँड सोल’ ही तबकडी मुद्रित केली. पाच वर्षे युरोपात काढून परतलेल्या ह्या वादकाने मूळ चालीला आरंभी केवळ ओझरता स्पर्श केला आणि पुढे संपूर्ण आवर्तने स्वतःच्या कल्पनेने अशी भरून काढली की जाझमधील उत्स्फूर्त वादनाचा पुढील सारा विचार त्या तीन मिनिटांपासून सुरू होतो, असे जाणकार मानतात. एकट्या प्रतिभेचा असा उत्कट क्षण तबकडी उत्तम पकडते. जे पकडीत नाही ते असे: रात्री अकरा वाजता पेंगुळलेली मैफल एका गाण्याच्या निवडीने कशी उठून बसली, नवशिका वादक घाबरला तेव्हा नायकाने त्याचा भाग स्वतः वाजवून त्याला कसे सावरून घेतले, एकच गाणे शनिवारी आणि सोमवारी कसे निराळे घेतले गेले. तमाशाच्या तबकड्यांचेही असेच झाले. लावणी मुद्रित झाली. गण, गौळण, बतावणी आणि पहाटेपर्यंत रंगणारा वग, ज्यात सोंगाड्याचे हजरजबाबी बोलणे गावागणिक बदलते, तो सर्व भाग खाचांबाहेरच राहिला.

६

तथापि एका मार्गाने हे संगीत मुंबईच्या हॉटेलांतून निघून जुन्नर-आंबेगावच्या वाड्यावस्त्यांपर्यंत आले, आणि तो मार्ग बांधणारा पुरुष मराठी होता. तेव्हाच्या नगर जिल्ह्यातील पुणतांब्यास १९१८ साली जन्मलेले रामचंद्र चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र, पुण्यास विनायकबुवा पटवर्धनांकडे रीतसर गायन शिकले आणि पुढे चित्रपटसृष्टीत आले. रागदारीचे आणि लावणीचे संस्कार अंगी मुरलेले असताना त्यांनी स्विंगचे सामर्थ्य ओळखले, आणि धोबीतलावचे वादक आपल्या वृंदात घेतले. ‘शहनाई’ (१९४७), ‘समाधी’ (१९५०) आणि ‘अलबेला’ (१९५१) ह्या चित्रपटांतील त्यांच्या चालींत मराठी ठसका आणि ट्रम्पेट-सॅक्सोफोनांची फेक ह्यांचा जो सहज संसार झाला आहे, त्यात उसनवारीचा वास यत्किंचितही येत नाही. चिक चॉकलेट त्यांचा साहाय्यक होता. ‘अलबेला’मध्ये तर तो आपल्या वादकांसह पडद्यावरही दिसतो, आणि त्या तालावर नाचणारे भगवान पालव हे गिरणगावाच्या गल्ल्यांतून वर आलेले मराठी नट होते.

हे चित्रपट तंबूतील फिरत्या सिनेमाबरोबर जत्रांत आले. लग्नाच्या वरातीतील बँडने त्यांच्या चाली उचलल्या, आणि ज्या गावाने जाझ हा शब्दही ऐकला नव्हता त्या गावाच्या वेशीत त्याची लय वाजू लागली. तमाशाच्या रंगबाजीतही चित्रपटगीते शिरली, आणि शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्या विद्वानांनी त्यास नाके मुरडली. त्यांची कळकळ मला समजते. परंतु समोर बसलेल्या हजारोंना काय हवे हे ओळखून त्याला आपल्या ढोलकीच्या लयीत बसवून घेणारा फडमालक आणि न्यूयॉर्कचे गाणे आपल्या मोजक्या वादकांत बसवून घेणारा ताजचा वृंदनायक ह्यांच्या निर्णयात मला काडीचाही भेद दिसत नाही. परंपरा जगविण्याचा भार ज्याच्या शिरावर असतो, त्याला तिच्यात भर घालण्याचा अधिकारही असतो.

ह्या देवघेवीत खरा अन्याय झाला तो नावांवर. चित्रपटाच्या पडद्यावर संगीतकाराचे नाव येई. पण त्या चालीची वाद्यरचना करणारे, प्रत्येक वादकासाठी कागद लिहिणारे गोमंतकीय कलावंत बहुधा अनामिक राहत. शंकर-जयकिशन ह्यांचे सेबॅस्टियन डिसूझा, प्यारेलालचे गुरू अँथनी गोन्साल्विस, आणि कलकत्त्याहून येऊन मुंबईच्या चित्रपटांतील सॅक्सोफोनचा आवाजच ठरविणारे मनोहारी सिंग ही नावे आज जाणकारांना ठाऊक आहेत. परंतु ती घरोघरी पोचण्यास फार उशीर झाला, आणि त्यांच्या मागे बसलेल्या शेकडो वादकांची नावे पोचलीच नाहीत.

७

१९६० च्या आगेमागे कोरियांचा ताजमधील कारभार संपला. नाचाची आवड बदलली होती, विजेच्या गिटारींचे लहान ताफे स्वस्त पडत होते, आणि पंधरा माणसांचा वृंद पोसणे जगभरच अशक्य होत चालले होते. त्यानंतरचे त्यांचे दीर्घ आयुष्य अध्यापनात गेले. मुंबईतील मुलांना त्यांनी वाद्ये शिकविली, त्यांची कन्या क्रिस्टीन कोरिया अमेरिकेत जाझ गायिका म्हणून नावारूपास आली, आणि २०११ साली, शतकाला दोन-तीन वर्षे उरली असताना, हे आयुष्य कृतार्थपणे संपले. विठाबाईंच्या वाट्याला असे शांत उत्तरायुष्य आले नाही. बासष्टच्या युद्धात सीमेवरील जवानांपुढे नाचलेल्या, राष्ट्रपतींकडून गौरविल्या गेलेल्या ह्या कलावतीचे अखेरचे दिवस आर्थिक ओढाताणीत गेले, आणि १५ जानेवारी २००२ रोजी त्यांचे निधन झाल्यावर काही वर्षांनी राज्य शासनाने त्यांच्या नावाचा तमाशा जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. सन्मान उत्तमच, परंतु जिवंतपणी निर्वाहाची हमी आणि मरणोत्तर नावाचे स्मारक ह्यांत पहिल्याचे महत्त्व अधिक आहे, हे सांगण्याची वेळ येऊ नये.

मुंबईच्या जाझयुगाला निदान एक इतिहासकार लाभला. नरेश फर्नांडिस ह्यांनी ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ ह्या ग्रंथात वृद्ध वादकांच्या आठवणी, जुनी छायाचित्रे, हॉटेलांचे कार्यक्रम आणि दुर्मिळ तबकड्या गोळा करून त्या रात्रींना पुन्हा शब्दरूप दिले, आणि म्हणूनच कोरियांविषयी आज आपण काही बोलू शकतो. तमाशाविषयीही योगीराज बागूल ह्यांच्यासारख्या अभ्यासकांनी विठाबाईंचे चरित्र लिहून मोलाचे काम केले आहे. परंतु नायिकेचे चरित्र लिहिले गेले तरी फडाचे चरित्र उरतेच. सुपारीच्या पावत्या, उचलीच्या वह्या, यात्रा कमिट्यांशी झालेले करार, तंबूची खरेदी, ढोलकीवाल्यांची, सुरत्यांची आणि भटाऱ्यांची नावे, कोणत्या साली कोणत्या गावी कोणता वग लावला ह्याच्या नोंदी, हे सारे दस्तऐवज नारायणगाव आणि आसपासच्या घरांच्या माळ्यांवर असतील, आणि दर पावसाळ्यात त्यांतील काही ओल धरीत असतील.

जुन्नर तालुक्याला नोंदीचे महत्त्व बाहेरून कोणी शिकवावे अशी स्थिती नाही. नाणेघाटातील सातवाहन राणी नागनिकेच्या लेखात कोणत्या यज्ञात किती गायी, किती कार्षापणे दक्षिणा दिली ह्याची ओळीओळीने मोजदाद आहे. जुन्नरच्या लेण्यांत इरिल, चिट आणि चंद ह्या परदेशस्थ यवनांनी दिलेल्या पाण्याच्या पोढ्या, भोजनमंडप आणि गर्भद्वार ह्यांची दाने त्यांच्या नावांनिशी कोरलेली आहेत. दाता कोणत्या मुलखाचा, कोणत्या वर्णाचा, ह्याची अट न घालता त्याचे नाव आणि त्याचे दान दगडावर चढविण्याची ही दोन हजार वर्षांची वहिवाट आहे. ती आज कागदावर चालविणे अवघड नाही. नारायणगावच्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी, ग्रंथालयांनी आणि यात्रा कमिट्यांनी मिळून हाती घेतले तर एका हंगामात ह्या कामाचा पाया घालता येईल: एकेका फडाची हजेरी लिहून काढावी, वह्या उतरवाव्यात, आणि ज्यांनी वीस-तीस वर्षे रात्रीचा कारभार पाहिला अशा म्हाताऱ्या माणसांचे बोलणे ते बोलते आहेत तोवर मुद्रित करून ठेवावे. तबकडीने ज्यांना तीन मिनिटांपलीकडे जागा दिली नाही, त्यांना देण्याइतकी जागा आपल्या दफ्तरात निश्चित आहे.